शंभर टक्के निकाल

पिंपळओढा, ता. आंबेगाव
२९ जून २००१

चि. शीला,

मामा-मामीचा तुम्हां दोघांना भरभरून आशीर्वाद. तेजू खुशाल आहे. रविवारी मामीने तिला पुरणपोळी लाटायला बसवलं. पहिली पोळी तव्यावर पडली तेव्हा तिचं पुरण बाहेर आणि पोळी आत अशी गत झाली. मामी म्हणाली, "ही पोळी हाय का फाटकी गोधडी?" तर तेजू म्हणते कशी, "आजी, गोधडी तूच शिवलेली, पोळीही तूच शिकवलीस." घरात अशी पोर असली की भिंतीसुद्धा हसतात.

आता कामाचं. परवा दहावीचा निकाल लागला. आपल्या शाळेचा ब्याण्णव टक्के. हेडमास्तरांनी लगेच शाळा समितीची बैठक बोलावली. तुला ठाऊक आहे, आपल्या गावात अकरावी-बारावी सुरू व्हावी हा माझा जुना हट्ट. दहावी झाली की आपल्या पोरींना मंचरची एस.टी. धरावी लागते, आणि एस.टी. चुकायला लागली की बाप म्हणतो, बास झालं शिक्षण. कॉलेज गावात आलं तर त्या पोरी पायी जातील. हेडमास्तर म्हणतात, "तीन वर्षं सलग शंभर टक्के निकाल दाखवा, मग वरच्या साहेबांपुढे अर्ज न्यायला तोंड राहील."

त्यासाठी त्यांनी एक उपाय काढला आहे. नववी पास झालेली पण कच्ची अशी सहा मुलं त्यांनी निवडली. यंदा त्यांना दहावीला बसवलं तर निकाल पडणार, म्हणून आणखी एक वर्ष त्यांनी नववीतच बसायचं. पालकांनी तसा अर्ज करायचा, की आमचा पाल्य अभ्यासात मागे आहे, त्याला त्याच वर्गात ठेवावे. म्हणजे शाळेवर बालंट नको.

त्यात आपल्या तेजूचं नाव आहे.

नाव वाचल्यावर उपाध्यक्ष भिमाजी माझ्या कानाशी आला. "सावळेरामभाऊ, तुमची नात हाय. येक शब्द टाका, काढून टाकू नाव. कुनाला कळतंय?" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "भिमाजी, माझ्या नातीला येक न्याय आन दुसऱ्याच्या पोराला दुसरा, हे मला जमायचं न्हाई." हेडमास्तर म्हणाले, "अध्यक्ष असावा तर असा." खोटं कशाला सांगू, ऐकून बरं वाटलं. मी चौथी शिकलेला माणूस. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून शिकलो. त्या खुर्चीवर बसून वाकडं वागलो असतो तर लाज वाटली असती.

तू जिवाला लावून घेऊ नकोस. कांदा काढल्या काढल्या बराखीत भरला तर आतून सडतो. पातीखाली चार दिवस सुकू दिला तर दिवाळीपर्यंत टिकतो. पोरीचंही तसंच. आज बसली तर चाळीस मिळवील, पुढच्या वर्षी सत्तर.

शाळा उघडल्यापासून ती दहावीच्या वर्गात बसत होती, पुस्तकांना खाकी कव्हरं घालून झाली होती. ती जपून ठेवली आहेत. तिला सांगितलं तेव्हा ती भांडी घासत होती. मान हलवली आणि तवा घासत राहिली. एवढा लख्ख तवा मी आजवर पाहिला नव्हता. शहाणी पोर, एक शब्द बोलली नाही.

अर्ज सोबत आहे. गोरखरावांची सही घेऊन पाठव.

तुझा मामा,
सावळेराम


भोसरी
१२ जुलै २००१

ती. मामांना शीलाचा वाकून नमस्कार.

सही करून अर्ज पाठवते आहे. हे म्हणाले, "मामा बोल्ले म्हंजे इचार करूनच बोल्ले आसतील," आणि पेन मागितलं. वाचलंसुद्धा नाही.

मी मात्र वाचलं. मामा, तेजू नववीत पास आहे ना? प्रगतिपुस्तक मी स्वतः पाहिलं आहे, एकावन्न टक्के. इंग्रजीत काठावर आहे, ते कबूल. पण पास झालेल्या पोरीला खाली का बसवायचं, हे मला इथे कुणाला सांगता येत नाही. शेजारची इशरत विचारते, "भाभी, फेल हुई क्या?" मी म्हणते, नाही. ती म्हणते, "फिर?"

परवा पारगावहून वन्सं आल्या होत्या. त्यांनी तर विचारलंही नाही. "पोरगी गचकली म्हनं," असं म्हणून चहा प्यायल्या.

कांद्याचं तुमचं म्हणणं पटलं, म्हणजे कांद्यापुरतं पटलं. पण कांद्याला मैत्रिणी नसतात, मामा. बरोबरीचे गाडीत भरून गेले म्हणून तो वाफ्यात मान खाली घालून बसत नाही.

रागावू नका. तुम्ही तिचं वाईट करणार नाही, हे मला देवाइतकं माहीत आहे. माझी आई गेल्यावर तुम्हीच मला वाढवलंत आणि तुमच्याच जिवावर मी पोर तिथे ठेवली. यांच्या कंपनीत हल्ली आठवड्यातून तीन दिवसच काम असतं, नाहीतर तिला इकडे आणली असती. तिच्याकडे लक्ष असू द्या. ती बोलत नाही तेव्हा तिच्या मनात पुष्कळ असतं.

तुमची,
शीला


पिंपळओढा
३ सप्टेंबर २००१

प्रिय आई,

मी बरी आहे. तुझी ओढणी मिळाली.

वर्गातली सगळी मुलं मला ताई म्हणतात. मी शेवटच्या बाकावर बसते, कारण पुढे बसले तर मागच्यांना फळा दिसत नाही. मराठीचे सर धडा सुरू करतात आणि विचारतात, पुढे काय झालं असेल? मी हात वर केला की म्हणतात, "तू नको सांगूस, तुला माहीत आहे." मग मी काय सांगू? आता हात वर करत नाही.

नववी आणि दहावीच्या मधे नुसतं पत्र्याचं पार्टिशन आहे. पलीकडचं सगळं ऐकू येतं. सुवर्णा खोकली तरी मला कळतं ती सुवर्णाच. आमच्याकडे भूगोल चालू असतो तेव्हा तिकडे बीजगणित असतं. मी वहीत तेच सोडवते. परवा सरांनी पलीकडे एक उदाहरण घातलं, कुणालाच येईना. सर चिडले, म्हणाले, "एकालाही येत नाही?" मला आलं होतं, आई. माझ्या वहीत सुटलेलं होतं. पण पत्र्यापलीकडे हात कसा वर करायचा?

हे आजोबांना सांगू नकोस. ते रोज संध्याकाळी विचारतात, "पाया पक्का होतोय ना बाळ?" मी हो म्हणते. त्यांना फार बरं वाटतं.

मला भोसरीला यायचं आहे. पण बाबांना काम लागलं की मगच.

तुझी,
तेजू


ओतूर, ता. जुन्नर
९ जानेवारी २००२

ती. मामांना नमस्कार.

पत्त्यावरून कळलंच असेल. दिवाळीनंतर कंपनीला कायमचं कुलूप लागलं. आम्ही गावी आलो. हे भावाबरोबर रानात जातात, पण बारा वर्षं मशीन चालवलेल्या हाताला खुरपं नवं वाटतं. घरात फारसे बोलत नाहीत.

पत्र घाईने लिहिते आहे. वन्सं तेजूसाठी स्थळ घेऊन आल्या आहेत. मुलगा पारगावचा, स्वतःचा ट्रॅक्टर आहे, हंगामात कारखान्याला ऊस वाहतो. मुलगा वाईट नाही, मामा, तसं म्हणत नाही. पण ती पंधरा वर्षांची आहे.

मी म्हटलं, ती शिकते आहे. तर वन्सं म्हणाल्या, "काय शिकतीया? येकाच इयत्तेत दोन वरसं बसलीया. डोकं चालत आसतं तर चाललं नसतं का? आज पोरगं व्हय म्हनतंय. उद्या हीच पोरगी पुन्यांदा गचकली तर कोन दारात उभं ऱ्हाईल?" हे खाली मान घालून ऐकत होते. मी म्हटलं, अहो, ती नापास झालेली नाही. तर म्हणाले, "पास पोरीला कुनी खाली बसवतं का? तू आई हायेस, तुला तसं वाटनारच."

मामा, त्या अर्जावर सही यांचीच आहे, पण तेही आता तिला नापासच धरतात.

तुम्ही या. तुमचा शब्द हे मोडत नाहीत. फार काही बोलू नका, एवढंच तुमच्या तोंडून यांना ऐकू द्या, की पोरगी नापास नव्हती, आम्ही थांबवली होती. माझ्या सांगण्याला इथे वजन नाही, तुमच्या आहे. संक्रांत झाल्यावर लगेच या. उशीर करू नका.

शीला


पिंपळओढा
२७ जानेवारी २००२

चि. शीला,

आशीर्वाद. पत्र वाचून गोरखरावांची काळजी वाटली. इकडे येऊन राहा म्हटलं तर जावयाला अवघड वाटायचं, म्हणून म्हणत नाही. शेंगदाणे आणि वाल पाठवतो आहे.

स्थळाचं वाचलं. तू घाबरून जातेस हा तुझा लहानपणापासूनचा स्वभाव. बोलणी म्हणजे काही लग्न नव्हे. लोक चार ठिकाणी बघतात, चहा पितात, घरी जातात. तुझ्या वन्संना, सोनीबाईला म्हणावं, घाई उसाला असते, तोडला की वाळतो. पोर काही वाळत नाही.

मी लगेच निघालो असतो, पण इथे दहावीची पूर्वपरीक्षा सुरू झाली आहे. हेडमास्तरांनी सकाळ-संध्याकाळ जादा तास ठेवलेत आणि म्हणतात, अध्यक्ष व्हरांड्यात नुसते दिसले तरी पोरं वचकून असतात. म्हणून रोज फेटा बांधून जाऊन बसतो. यंदाचं वर्ष पहिलं. हे शंभर टक्के निघालं तर पुढची दोन निघतील. पोरींसाठीच चाललंय ना सगळं? तेजूही त्याच कॉलेजात जायची आहे.

असल्या गोष्टी पत्रातून बोलल्या की कडू होतात. बोर्डाची परीक्षा संपली की मार्चअखेर मी स्वतः येतो. गोरखरावांशी समोरासमोर बसून बोलेन. तोवर तू बोलणी लांबव. पाहुण्यांना म्हणावं, मामा आल्याशिवाय आमच्याकडे काही ठरत नाही.

तेजू शांत आहे. अभ्यासात बुडालेली असते.

मामा


ओतूर
४ मार्च २००२

ती. मामांना,

परवा सुपारी फुटली.

लांबवायचं तेवढं लांबवलं. मामा येणार आहेत म्हटलं, तर वन्सं म्हणाल्या, "यायचं आसतं तर आले आसते. त्यांना म्हाईत हाय पोरीचं, म्हनून येत न्हाईत." यावर हे उठून बाहेर गेले आणि परत आले तेव्हा हो म्हणून आले होते.

अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करायचं नाही, एवढं मात्र मी पदर पसरून कबूल करून घेतलं. मुलानेही माझी बाजू घेतली, खरं सांगायला हवं. पण शाळा बंद. ठरलेली पोरगी दुसऱ्या गावात ठेवायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

तिला घ्यायला हे सोमवारी येतील. नववीची वार्षिक परीक्षा देऊन मग आणावी का म्हणून मी तिलाच दुकानातल्या फोनवर विचारलं. ती म्हणाली, "आई, दिलेलीच परीक्षा परत देऊन काय करू?"

तिचं सप्टेंबरातलं एक पत्र सोबत ठेवते आहे. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती. आता न सांगून काय राखायचं आहे?

तुम्ही मार्चअखेर येतो म्हणाला होतात. मार्चअखेर अजून यायचीच आहे, मामा. मी रागाने लिहीत नाही. तुमची वाट पाहिली, एवढंच.

शीला


पिंपळओढा
२६ जून २००२

चि. शीला,

तुला पत्र लिहायला बसायचो आणि उठायचो. आज लिहितो.

शाळेचा निकाल लागला. शंभर टक्के. हलगी लावून मिरवणूक काढली, माझ्या गळ्यात हार घातला, कपाळभर गुलाल. भिमाजीचा पुतण्या बेचाळीस टक्क्यांनी पास झाला. त्याला पेढा भरवायचा मान मलाच दिला. मी म्हटलं, अरे, याचं नाव तर गेल्या साली थांबवायच्या पोरांत होतं. हेडमास्तर हसले. "होतं. बैठक झाल्यावर भिमाजीरावांनी एक शब्द टाकला." नववीत त्याला तेजूपेक्षा कमी होते, शीला. तो बसला आणि पास झाला. सगळ्यांत कच्चं पोर बसूनसुद्धा निकाल शंभर टक्केच लागला.

मिरवणूक गिरणीपाशी आली तेव्हा ठमाबाई दळण घेऊन उभी होती. तिचा थोरला तेजूबरोबरच थांबवला होता. लहान पोरांत बसायची लाज वाटली, दोन महिन्यांत शाळा सोडली, आता मंचरला बटाट्याच्या वखारीत पोती उचलतो. मी विचारलं, "ठमाबाई, पोरगं बरं हाय का?" ती म्हणाली, "बरं हाय. भाऊ, येक सांगू का? आमी त्या कागदावर अंगठा देनार नव्हतो. हेडमास्तर म्हनले, खुद्द अध्यक्षांनी सोताची नात थांबवली, तुमचं पोरगं काय त्याहून मोठं लागून गेलं? मंग माझ्या धन्यानं डोळं झाकून दिला."

हलगी वाजत होती, त्यामुळे मला काही बोलावं लागलं नाही.

मला वाटलं होतं, मी न्यायाने वागलो. आणि माझाच न्याय घरोघर दाखवून बाकीच्यांचे अंगठे घेतले. मी तेजूसाठी शब्द टाकला असता तर गावाने मला नावं ठेवली असती, पण कुणी सांगावं, बाकीच्यांनीही आपापल्या पोरांसाठी शब्द टाकले असते. माझ्या ताठ मानेपायी त्यांची तोंडं बंद झाली.

तेजूचं पत्र मी वाचलं. शाळेत जाऊन त्या पत्र्याशी उभा राहिलो. पलीकडचं खरंच सगळं ऐकू येतं. एवढी वर्षं शाळेत जातोय, मला कधी ऐकू आलं नव्हतं.

आणि तू बोलावलं तेव्हा मी आलो नाही. व्हरांड्यात फेटा बांधून बसलो होतो.

अध्यक्षपद सोडतो आहे. त्या बैठकीत पुन्हा बसणार नाही.

मामा


ओतूर
१५ जुलै २००२

ती. मामांना नमस्कार.

पत्र मिळालं. तेजूने वाचलं. घडी करून ट्रंकेत ठेवलं. तुमच्यावर तिचा राग नाही. माझाही नाही, निदान रोज नाही.

तुम्ही अध्यक्षपद सोडलंत ते कळलं. मग पुढच्या वेळी नावं वाचतील तेव्हा तिथे कोण असेल, मामा?

मामीला नमस्कार.

शीला


पारगाव
३० जून २००६

ती. आजोबा आणि आजी यांना तेजस्विनीचा नमस्कार.

लग्नानंतर मी तुम्हाला पहिल्यांदाच लिहिते आहे. लग्नात तुम्ही मांडवाच्या कडेला उभे होतात आणि माझ्याकडे न बघता अक्षता टाकत होतात. त्या सगळ्या वाजंत्रीवाल्यावर पडत होत्या. मला हसू येत होतं, पण नवरीने हसायचं नसतं.

आजोबा, मी दहावी पास झाले. एकसष्ट टक्के. इंग्रजीत त्रेचाळीस.

शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देतात तो सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. तुमच्या शाळेतून माझा दाखला न्यायला हे आले होते. तुमच्या दारावरूनच गेले, पण मीच सांगितलं होतं, आत जाऊ नका. पडले असते तर पुन्हा सगळ्यांना सांगत बसावं लागलं असतं.

सासूबाई आधी म्हणाल्या, "आता शिकून काय मामलेदार व्हनार व्हय?" मी म्हटलं, झाले तर तुम्हाला जीपमधून फिरवते. परीक्षेच्या दिवसांत मात्र समृद्धीला कडेवर घेऊन त्याच केंद्राबाहेर झाडाखाली बसायच्या. समृद्धी म्हणजे माझी मुलगी, आता नुकती वर्षाची झाली आहे. एका पेपरला ती इतकी रडली की मला आतपर्यंत ऐकू आलं. तरी लिहिला.

इंग्रजी यांच्यामुळे सुटलं. कारखान्यावर उसाचा नंबर लागेपर्यंत हे ट्रॅक्टरवर बसून असतात. मी त्यांना शब्द लिहून द्यायची, घरी आले की एकमेकांना विचारायचो. त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतात. पुढच्या वर्षी त्यांनाच बसवीन म्हणते.

बाहेरून बसलेल्यांचा निकाल शाळेच्या टक्क्यात धरत नाहीत म्हणे. म्हणजे मी पडले असते तरी कुणाच्या शंभराला धक्का लागला नसता. हेडमास्तरांना सांगा, घाबरायचं कारण नव्हतं.

एक सांगू? पहिल्या दिवशी मी तासभर आधीच केंद्रावर जाऊन बसले. एवढी मोठी परीक्षा, जिच्यासाठी मला खाली बसवलं, ती कशी असेल? पेपर हातात आला, वाचला. कठीण नव्हता, आजोबा. बीजगणितात तर पत्र्यापलीकडून ऐकलेल्यासारखीच उदाहरणं होती. मी लिहिता लिहिता थांबले आणि मनात आलं, एवढंच होतं? तेच मला फार लागलं.

गेल्या वर्षी आपल्या गावात कॉलेज सुरू झालं असं आईकडून कळलं. तिथे मला प्रवेश मिळेल का? रोज यावं लागतं का? विचारून कळवा.

तुमची,
तेजू


पिंपळओढा
१८ जुलै २००६

चि. तेजू,

तुला, जावयांना आणि न पाहिलेल्या समृद्धीला आशीर्वाद.

पत्र आजीला वाचून दाखवलं. एकसष्ट ऐकल्यावर ती उठली आणि देवापुढे साखर ठेवून आली. मी तसाच बसून राहिलो. आनंद झाला नाही असं नाही, बाळ. पण त्या आनंदाला धड बसायला जागा सापडेना. तू पडली असतीस तर मनाच्या एका कोपऱ्यात म्हणता आलं असतं, पोर कच्ची होती, आपलं काही चुकलं नाही. तू ती सोय ठेवली नाहीस. बरं केलंस.

कॉलेजात जाऊन आलो. नवी इमारत आहे, दारावर कमान आहे. मी आजवर आत गेलो नव्हतो. हेडमास्तरांनी तुझे गुण पाहिले, म्हणाले, "छान आहेत हो." मग म्हणाले, रोजची हजेरी लागते, लेकुरवाळ्या बाईला वर्गात कशी बसवणार? मी वाद घातला, पण पारगावहून पोर काखोटीला मारून रोज येणं तुला होणार नाही, हेही मला दिसत होतं. पोरींना पायी जाता यावं म्हणून कॉलेज आणलं, आणि माझीच पोर त्याच्यापासून दोन एस.टी. लांब. आता एकच वाट आहे, बारावीलाही बाहेरून बसता येतं. मध्ये दोन वर्षं जावी लागतात. अकरावीची पुस्तकं मी मंचरहून आणतो आणि तुझ्या घरी येऊन देतो. या वेळी मार्चअखेर नाही, येत्या रविवारी येतो.

तुझ्या आईने मला एकदा विचारलं होतं, पुढच्या वेळी नावं वाचतील तेव्हा तिथे कोण असेल? मी उत्तर दिलं नव्हतं. खुर्ची सोडली म्हणजे प्रायश्चित्त झालं असं धरून घरी बसलो. दर साली नावं वाचली गेली, दर साली निकाल शंभर टक्के लागला, हलगी दारावरून गेली की मी आत जायचो. मी गेलो काय, बसलो काय, त्या पोरांना काय फरक पडला?

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात यंदाची बैठक होती. सभासद म्हणून माझं नाव अजून आहे. फेटा न बांधता गेलो. पाच नावं वाचली. मी उभा राहून म्हणालो, ही सगळी नववी पास आहेत, यांना दहावीला बसू द्या. भिमाजी आता अध्यक्ष आहे. म्हणाला, "सावळेरामभाऊ, ही वाट तुमीच पाडलीत की." लोक हसले. मला हसणाऱ्यांचा राग आला नाही. माझ्या बाजूने एकही हात वर झाला नाही.

मग मी त्या पाचही घरी गेलो. म्हटलं, अर्ज केल्याशिवाय शाळेला पोर थांबवता येत नाही, तेव्हा सही करू नका, अंगठा देऊ नका. पहिल्या घरी म्हणाले, "तुमीच तर नातीला थांबवली व्हती ना?" मी म्हटलं, "व्हय, आन ती पोर परवा दहावी पास झाली, येकसष्ट टक्क्यांनी, चूल-लेकरू सांभाळून." मला वाटलं, आता पटेल. तर त्या घरची म्हातारी खूश होऊन म्हणाली, "आगं बया! मंग थांबवल्याचं भलंच झालं की!" आणि पोराच्या बापाने माझ्यासमोर सही केली. तुझे गुण मी आपल्या बाजूने सांगायला गेलो आणि ते त्यांच्या कामी आले. पुढच्या घरी तुझं नाव काढलं नाही. तरी चार घरांनी अर्ज दिले.

पाचवं घर ठमाबाईचं. तिची धाकटी इंद्रायणी यंदा नववी पास झाली. ठमाबाईला मी काही सांगायला लागलो तर ती म्हणाली, "भाऊ, बसा. च्या घ्या. मला नका समजावू, माझा थोरला पोती वाहतोय." तिचा धनी म्हणाला, "आन पडली मंजी? सारं गाव म्हनंल, हिच्यापायी शंभर टक्के गेलं." ठमाबाई म्हणाली, "म्हनू दे. गावाला शंभर टक्के पायजेत, मला माझी पोर पायजे." अर्ज तिने चुलीपाशी ठेवला तो तिथेच राहिला.

इंद्रायणी दहावीच्या वर्गात बसते आहे. हेडमास्तर माझ्याशी बोलत नाहीत. भिमाजी म्हणतो, ही पोर पडली तर तुमच्या दारात हलगी वाजवतो. वाजवू दे. ती पास होईल की नाही, मला सांगता येत नाही. इंग्रजी तिचंही तुझ्यासारखंच काठावर आहे. पडली तर पडेल. पण पडली तर पेपर लिहून पडेल, आमच्या बैठकीत नाही. तुला आम्ही तेवढंसुद्धा होऊ दिलं नाही, बाळ.

तुझा,
आजोबा